रंग कुणासाठी

भाद्रपद उतरणीला लागला की सह्याद्रीतल्या पायवाटांवर जाळी आडवी येऊ लागतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान असो, ताम्हिणी असो की आंबोली. जिथे झाडी दाट आणि वाट अरुंद, तिथे दोन झाडांच्या मध्ये, नेमकं आपल्या तोंडाच्या उंचीवर, ऐसपैस जाळं ताणलेलं असतं. उन्हाची तिरीप पडली की त्याचे धागे सोनेरी दिसतात. हा उन्हाचा भास नव्हे, त्या रेशमातच पिवळी रंगद्रव्यं असतात. मधोमध, डोकं खाली आणि पोट वर करून, नेफिला पिलिपेस या कोळ्याची मादी बसलेली असते. अंग काळं, त्यावर झळझळीत पिवळ्या रेघा, पायांच्या सांध्यांशी पिवळ्या खुणा. नुसतं धडच चार-पाच सेंटिमीटर. पाय पसरले की तळहात झाकेल एवढी. सोबतची माणसं थबकतात, मागे सरतात, मग धीर करून पुढे येतात आणि फोटो काढतात. त्या फोटोत बरेचदा आणखी एकजण आलेला असतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. जाळ्याच्या वरच्या अंगाला, मादीपासून अंतर राखून, पाच-सहा मिलिमीटरचा एक तांबूस तपकिरी जीव लटकत असतो. तो नर. त्याच जातीचा, पूर्ण वाढलेला. मादीचं वजन त्याच्या शंभरपटीहून अधिक भरतं.

बोट दाखवलं की पहिला प्रश्न येतो, "हे तिचं पिल्लू का?" नाही म्हटलं की दुसरा ठरलेला, "मग रंग सगळा तिलाच कसा?"

हा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपण मोर बघत वाढलो, कोंबडा बघत वाढलो, जास्वंदीवर येणारा शिंजीर बघत वाढलो. नराने नटावं आणि मादीने मातकट राहून अंडी उबवावीत, अशी वाटणी आपल्या मनात पक्की बसली आहे. कोळी ती उलटी करतात. आणि ही उलटी वाटणी पाठ करावी, तर घरातल्या भिंतीवरचा एखादा कोळी ती पुन्हा सुलटी करून दाखवतो. इतकी वर्षं कोळी पाहत आल्यावर मला वाटू लागलं आहे की रंग नराला की मादीला, हा प्रश्न अर्धाच आहे. बघतंय कोण, हे आधी विचारायला हवं.

नेफिलाच्या जाळ्याशी उभं राहून हेच विचारून बघू. तिला डोळे आठ आहेत, पण तिचा संसार डोळ्यांवर चालत नाही. कुठला धागा किती थरथरला, यावरून तिला कळतं की माशी अडकली, की वाऱ्याने पान येऊन पडलं, की नर आला. नरही तिच्याजवळ जातो तो धागे चाचपत, पायांनी खुणा देत. २०११ साली सिंगापूर आणि स्लोव्हेनियातल्या अभ्यासकांनी याच जातीच्या नरांचं एक विलक्षण वागणं सांगितलं. मिलनाच्या मधल्या काळात नर मादीच्या पाठीवर चढतो आणि तिच्या अंगावर अगदी बारीक रेशमाचे फेरे घालत राहतो. त्या तंतूंनी ती बांधली जात नाही. एवढ्या मोठ्या जिवाला ते कोळिष्टकाएवढेही जड नाहीत. पण त्यांच्या स्पर्शाने ती शांत होते आणि नराला खाऊन टाकण्याची शक्यता कमी होते. सगळी बोलाचाली अशी स्पर्शाची आहे. तेव्हा तिच्या पिवळ्या रेघा त्याच्यासाठी नाहीत, आणि त्याने रंग ल्यायला असता तरी तिच्या लेखी त्याचा काही उपयोग नव्हता.

मग त्या रेघा बघतं कोण? तैवानमधल्या आय-मिन त्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नेफिलावर काम केलं. तिथे नेहमीच्या पिवळ्या-काळ्या माद्यांबरोबर काही माद्या जवळजवळ पूर्ण काळ्या असतात. दोघींची जाळी सारखीच, पण काळ्या माद्यांच्या जाळ्यात किडे कमी सापडतात. मधमाशीच्या डोळ्याला कोणते रंग कसे दिसतात याचा हिशेब मांडून या अभ्यासकांनी २००४ साली दाखवलं, की माशीला त्या काळ्या अंगापेक्षा त्यावरचे पिवळे पट्टे ठळक दिसतात. कोळ्याची सलग आकृती फुटते आणि हिरव्या अंधारात तरंगणारे पिवळे तुकडे तेवढे उरतात. पिवळ्या तुकड्यांकडे जाणं, हाच तर माशीचा दिवसभराचा उद्योग. म्हणजे आपण ज्याला दागिना समजत होतो, ते शिकारीचं हत्यार निघालं. नराला त्या हत्याराचं काय काम? प्रौढ झाल्यावर तो स्वतःचं जाळं विणत बसत नाही. मादी शोधायची, तिच्या जाळ्याच्या कडेला तग धरायचा, तिच्या अन्नातलं मिळेल ते उचलायचं आणि संधीची वाट पाहायची. अशा जिवाने नजरेत भरूच नये, यात त्याचा फायदा आहे.

बागेत, कुंपणाच्या झुडपात जाळ्यावर नागमोडी पांढरी नक्षी काढणारा सिग्नेचर स्पायडर दिसतो, त्याच्या घरातही असंच आहे. पिवळ्या-चंदेरी पट्ट्यांची देखणी मादी, आणि बाजूला फिकट तपकिरी, किरकोळ अंगाचा नर.

सप्टेंबरच्या शेवटी गडाच्या माथ्यावर सोनकी फुलली की हाच प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होऊन भेटतो. एखाद्या फुलावर फुलपाखरू बराच वेळ हललं नाही, तर खाली वाकून बघावं. बहुतेक वेळा त्याची मान खेकडा कोळ्याच्या पायांत असते. या कोळ्यांचे पुढचे पाय लांब आणि चाल खेकड्यासारखी तिरकी. ते जाळं विणत नाहीत. फुलातच बसून राहतात. थोमिसस या त्यांच्या एका गटातल्या माद्या पांढऱ्या, पिवळ्या, कधी गुलाबी असतात, आणि युरोप-अमेरिकेत आढळणाऱ्या मिसुमेना व्हॅशिया या जातीची मादी तर फुलानुसार रंग बदलते. पांढऱ्याची पिवळी व्हायला तिला दहा ते पंचवीस दिवस लागतात, परत पांढरं व्हायला सहाएक दिवस पुरतात. पांढरा रंग शरीरातल्या टाकाऊ द्रव्याच्या स्फटिकांचा, आणि पिवळा त्वचेच्या पेशींत साठवलेल्या द्रव्याचा. ते काढून टाकलं की खालचा पांढरा पुन्हा दिसू लागतो. तिच्या नराला ही कला नाही. तो आकाराने निम्म्याहूनही लहान, डोक्याकडचा भाग गडद तांबूस, फुलाफुलांवर भटकणारा. फुलात बसून माशीची वाट बघणं हा मादीचा धंदा. मादीची वाट शोधणं हा त्याचा. धंदा वेगळा म्हणून वेष वेगळा, एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं.

पण फुलात दडलेली मादी खरंच दडलेली असते का? आपल्याला ती दिसत नाही हे खरं, पण ती आपल्यासाठी दडलेली नसतेच मुळी. मधमाशीला आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. युरोपातल्या थोमिसस ओनुस्टसची मादी माशीच्या नजरेलाही फुलात मिसळून जाते, असं मोजमापांनी दिसलं आहे. ऑस्ट्रेलियात मात्र उलटं घडलं. तिथली थोमिसस स्पेक्टॅबिलिस ही पांढरी मादी पांढऱ्या डेझीवर बसली की आपल्याला सापडत नाही. माशीला मात्र ती अतिनील प्रकाशात लखलखताना दिसते, आणि माशी कोळी बसलेलंच फूल जास्त पसंत करते. हे २००३ साली नेचर या नियतकालिकात छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यात आणखी एक धागा मिळाला. फशी पडतात त्या माणसांनी युरोपातून नेलेल्या मधमाश्या. ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या माश्याही त्या लखलखाटाकडे ओढल्या जातात, पण अगदी जवळ आल्यावर बसायचं टाळतात. त्या फार पिढ्या या कोळ्याच्या शेजारी राहिल्या आहेत. एकाच मादीचा एकच पांढरा रंग: आपल्यासाठी लपण, परक्या माशीसाठी आमिष, आणि घरच्या माशीसाठी अर्धं आमिष, अर्धा इशारा. यात कोळ्याने काहीच बदललं नाही. बघणारा तेवढा बदलला.

आता घरात येऊ.

दिवे लागले की ट्यूबलाइटच्या आजूबाजूला चिलटं जमतात आणि त्यांच्या मागावर भिंतीवरून एक छोटा, दणकट कोळी झटके देत फिरू लागतो. त्याच्याकडे बघितलं की तो चक्क वळून आपल्याकडे बघतो. उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला हा प्लेक्सिपस पेकुली. जगभरच्या उष्ण प्रदेशांत माणसाच्या घरांतून पसरलेला. नर काळा, त्याच्या डोक्यापासून पाठीच्या टोकापर्यंत तीन रुंद पांढरे पट्टे, आणि पोटाच्या शेवटाला दोन पांढरे ठिपके. मादी करडी-तपकिरी, मधून फिकट पट्टा, ती भिंतीच्या मळक्या रंगात विरून जाते. न्हाणीघरात किंवा मोरीपाशी दिसणाऱ्या हॅसॅरियस अडान्सोनीचंही असंच. नर काळा, तोंडाजवळचे स्पर्शावयव पांढरेशुभ्र, पोटावर पांढरी कोर. मादी साधी तपकिरी. इथे रंग पुन्हा नराकडे आला.

जास्वंदीच्या किंवा कर्दळीच्या पानावर टेलामोनिया डिमिडिआटा भेटते, तेव्हा मात्र दोघेही रंगवलेले दिसतात, पण असे की एकाच जातीचे म्हणून सांगितलं तर विश्वास बसू नये. मादी फिकट पिवळसर, डोक्याकडे पांढरट, पोटावर लांबीने दोन लाल रेघा. नर गडद, जवळजवळ काळा, त्यावर पांढरे डाग. सारखं काय ते एकच: दोघांच्याही डोळ्यांभोवती लाल केसांची कडी. मला ती लाल कडी फार आवडतात. बाकी सगळं वेगळं असताना चेहरा तेवढा सारखा राखला आहे.

म्हणूनच कोळ्यांचं वर्गीकरण करणारे रंगावर विसंबत नाहीत. ते भिंगाखाली नराचे शुक्राणू पोचवणारे आखूड स्पर्शावयव आणि मादीचे जननावयव तपासतात. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादरांचा १९८० सालचा ग्रंथ उघडावा. त्यातले खेकडा कोळी रंगांनी नव्हे, अशा बारीक रेखाटनांनी वेगळे केलेले दिसतात. जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांच्या जाती २०२२ साली पन्नास हजारांच्या वर गेल्या, आणि तरीही कित्येक जातींची फक्त मादी माहीत आहे, कित्येकांचा फक्त नर. दुसरा कदाचित कुठल्याशा बाटलीत वेगळ्याच नावाने पडून असेल. उडी मारणाऱ्या कोळ्यांचं कूळ या सगळ्यांत मोठं, आणि आपल्या पायाशी अजूनही नवे सापडत आहेत. ठाणे परिसरातून २०२१ साली नोंदवलेल्या अशाच एका कोळ्याचं नाव आयशियस तुकारामी, हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. भिंतीवरच्या इवल्याशा जिवाला असं नाव मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

उडी मारणाऱ्यांत नरच का नटतो, यावर एक जुना आणि गंभीर वाद झाला आहे. डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांबरोबर कोळ्यांचाही विचार केला होता. युरोपातल्या एका हिरव्या कोळ्याचं उदाहरण तो देतो: मादी मंद हिरवी, आणि प्रौढ नराचं पोट पिवळं, त्यावर तीन लाल रेघा. माद्या निवड करतात आणि त्या निवडीतून पिढ्यान्‌पिढ्या नराचे रंग वाढत जातात, हा त्याचा विचार. ॲल्फ्रेड रसेल वॉलेसला हे पटत नव्हतं. एवढ्याशा जिवाची मादी सौंदर्य पारखून नर निवडते, हे त्याला फार वाटे. नराच्या अंगात जोम जास्त, तो जोम रंगाच्या रूपाने बाहेर पडतो; मादीला अंडी सांभाळायची म्हणून तिचे रंग दबलेले, असं त्याचं म्हणणं.

या दोन थोरांचा वाद सोडवायला अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातलं एक जोडपं पुढे आलं. जॉर्ज पेकहॅम शाळेत जीवशास्त्र शिकवत. एलिझाबेथ पेकहॅम विज्ञान शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या अमेरिकन स्त्रियांपैकी. त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या उडी मारणाऱ्या कोळ्यांचे नर आणि माद्या गोळा केल्या, एकत्र ठेवल्या, आणि बघत बसले. १८८९ साली त्यांनी जे छापलं ते आजही वाचताना मी हरखून जातो, कारण त्यात घाई नाही. कुठल्या नराने कुठला पाय उचलला, कुठे थांबला, किती वेळ तिरका चालला, मादीने मान कशी वळवली, सगळं टिपलेलं. वॉलेसच्या जोमाच्या कल्पनेला त्यातून आधार मिळाला नाही. माद्या आकाराने मोठ्या आणि नरांपेक्षा भांडकुदळ निघाल्या. जोमातून रंग फुटत असता तर तो त्यांना फुटायला हवा होता. आणि सगळ्यांत बोलका पुरावा नरांच्या उभं राहण्यात होता. ज्या जातीच्या नराच्या अंगाचा जो भाग रंगवलेला, नेमका तोच भाग तो मादीसमोर धरत होता. पायांवर झालर असेल तर पाय उंचावून, तोंड रंगीत असेल तर तोंड पुढे करून. आपला रंग कुठे आहे हे त्या नराला कळत असो वा नसो, त्याच्या नाचाला ते ठाऊक होतं.

एलिझाबेथ आणि जॉर्ज यांनी डोळ्यांनी जे पाहिलं, त्याचं कारण सांगायला पुढची शंभर वर्षं लागली. या कोळ्यांचे पुढचे दोन मोठे डोळे म्हणजे डोक्यात आत गेलेल्या लांब नळ्या. भिंग जागच्या जागी स्थिर, पण नळीच्या टोकाचं दृष्टिपटल स्नायूंनी इकडून तिकडे फिरवता येतं, आणि ते एकामागे एक अशा चार थरांचं. १९६९ साली मायकेल लँड यांनी ही रचना उलगडली. आपल्या मोरीतल्या हॅसॅरियसवर जपानी अभ्यासकांनी २०१२ साली प्रयोग केला: हिरव्या प्रकाशात त्याची उडी शिकारीवर अचूक पडते, निव्वळ लाल प्रकाशात तोकडी पडते. चार थरांपैकी एकावर हिरवी प्रतिमा मुद्दाम धूसर पडते आणि त्या धूसरपणावरून तो अंतर मोजतो. म्हणजे त्याच्या जगात रंग ही शोभा नव्हे. रंगावर त्याचं पोट आहे. अशी नजर जिला आहे, त्या मादीसमोर नराला नटावं लागणारच.

आणि ती नजर आपल्या नजरेच्या पलीकडे जाते. कॉस्मोफेसिस अम्ब्राटिका हा भारतापासून सुमात्रापर्यंत आढळणारा, उन्हात वावरणारा छोटा कोळी. सिंगापूरचे दाइचिन ली, मायकेल लँड आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली सायन्स या नियतकालिकात त्याच्याविषयी लिहिलं, ते वाचून मी कितीतरी दिवस दुसरं काही बोलत नव्हतो. नराच्या चेहऱ्यावरून आणि अंगावरून अतिनील प्रकाश परावर्तित होतो. मादीच्या होत नाही. मादीचे तोंडाजवळचे अवयव तोच अतिनील प्रकाश शोषून हिरवे चमकतात; नराचे चमकत नाहीत. अभ्यासकांनी मधे गाळणी लावून अतिनील प्रकाश अडवला. आपल्या डोळ्यांना दोन्ही प्राणी पहिल्यासारखेच दिसत होते. पण गाळणीच्या पलीकडे माद्यांनी नरांत रस घेणं सोडलं आणि नरांनी माद्यांत. नर-मादीतला सगळ्यांत ठळक रंगभेद असा होता, की तो पाहायला आपल्यापाशी डोळाच नाही. माझ्या भिंतीवरची करडी प्लेक्सिपस मादी तिच्या नराला करडीच दिसत असेल, असं आता मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

सगळ्या प्रयोगांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हॅब्रोनॅटस पिरिथ्रिक्स या उत्तर अमेरिकेतल्या कोळ्यावरचा. नराचा चेहरा लाल, पुढचे पाय हिरवे. मादी वाळक्या पाचोळ्याच्या रंगाची. या कोळ्यांच्या डोळ्यांत लाल ओळखणारा वेगळा ग्राहक नसतो. २०१५ साली कळलं की त्यांच्या दृष्टिपटलात काही ठिकाणी हिरव्याच्या ग्राहकांपुढे लाल गाळणी बसवलेली आहे, आणि त्यातून लाल वेगळा कळू लागतो. त्याआधी, २०१३ साली, लिसा टेलर आणि केविन मॅग्रॉ यांनी काही नरांचे लाल चेहरे काळ्या रंगाने झाकले, काहींचे तसेच ठेवले, आणि माद्यांसमोर सोडले. उन्हात लाल चेहऱ्याच्या नरांना माद्यांनी जास्त जवळ येऊ दिलं. सावलीत मात्र लाल आणि झाकलेला यांत फरक उरला नाही. तोच नर, तीच मादी, तोच रंग. ढग आला की त्याचं काही चालत नाही. पावसाळी दुपारी आमच्या गच्चीतल्या कुंडीवर एखादा नर पाय उंचावून उभा दिसला, की मी आधी आभाळाकडे बघतो.

ऑस्ट्रेलियातल्या मोर-कोळ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. त्यांची नृत्यं आता सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली आहेत. तांदळाच्या दाण्याएवढा नर पोटावरचा रंगीत पंखा उभारतो, तिसरे पाय वर करतो आणि करड्या मादीपुढे डावी-उजवीकडे सरकत राहतो. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की १८७४ मध्ये मॅरेटस व्होलन्सचं पहिलं वर्णन झालं, तेव्हा त्या पंखाच्या कडा उडण्यासाठी असतात असा समज होता आणि नावही उडणारा असंच पडलं. जुर्गेन ऑटो यांनी २००५ पासून सिडनीजवळच्या रानात गुडघ्यांवर बसून, कॅमेरा जमिनीला लावून हे कोळी टिपायला सुरुवात केली, तेव्हा तो पंखा काय कामाचा हे जगाने धडपणे पाहिलं. दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. या नरांपैकी काहींच्या अंगावरचा काळा इतका गडद आहे की त्यावरून अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परततो. तिथे त्वचेवर सूक्ष्म भिंगांसारखे उंचवटे असतात, ते प्रकाश आत ओढून घेतात. त्या काळ्याशेजारचा निळा आणि लाल मग आहे त्याहून उजळ भासतो. मादीला भुलवायला नुसता रंग पुरला नाही. रंगाशेजारी अंधारही घडवावा लागला.

तिसराही एक बघणारा असतो, शत्रू. युरोपातल्या इरेसस गटातली मादी मखमली काळी, जमिनीतल्या बिळात रेशमाच्या छताखाली जवळजवळ सारा जन्म काढणारी. नराचं पोट भडक लाल, त्यावर काळे ठिपके, थेट लालबुंद लेडीबर्ड किड्याची नक्कल. मादी अंधारात असते, तिने काय ल्यायलं याला महत्त्व नाही. त्याला मात्र प्रौढ झाल्यावर भर दिवसा उघड्यावर फिरून ती शोधायची असते, आणि पक्षी कडू किड्यांच्या वाटेला जात नाहीत. शेवटची कात टाकेपर्यंत हा नर मादीसारखाच दिसतो. डार्विनच्या त्या हिरव्या कोळ्याचंही तेच. लहानपणी दोघेही हिरवे. कोळ्यांत नराचा रंग बहुधा असा शेवटच्या कातीबरोबर येतो, बीळ सोडायची किंवा पान सोडायची वेळ आली की मग. तोवर दोघांवर रोखलेले डोळे सारखेच असतात.

आणि हे सगळे डोळे एकाच जिवावर एकदम रोखलेले पाहायचे असतील, तर आंब्याच्या झाडाशी जावं. कोकणात पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या ओंबील मुंग्या असतात. त्यांचा चावा ज्याने खाल्ला आहे तो त्यांच्या वाटेला पुन्हा जात नाही, पक्षीही जात नाहीत. त्यांच्याच आसपास मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस हा उडी मारणारा कोळी त्यांचं सोंग घेऊन राहतो. मादीचं सोंग बिनचूक आहे. तोच तांबूस रंग, तशीच चिमटलेली कंबर, डोक्याच्या बाजूंना मुंगीच्या डोळ्यांसारखे दोन काळे डाग, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवत चालणं. नराची पंचाईत वेगळी आहे. दुसऱ्या नरांशी झुंजायला आणि मादीसमोर उभं राहायला त्याला लांबलचक जबडे लागतात. ते डोक्यापुढे इतके वाढतात की मुंगीचा आकार मोडायला हवा. पण त्या जबड्यांची टोकं गडद, फुगीर असतात, आणि लांबून बघितलं तर एक मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून निघाली आहे असं दिसतं. मुंग्यांच्या रांगेत हे नेहमीचंच दृश्य. सोंग मोडलं नाही, नवं झालं.

त्याची किंमत मात्र आहे. नराच्या वाढलेल्या सुळ्यांतून विष टोचण्याची सोय राहिलेली नाही. शिकार त्याला भोसकूनच धरावी लागते. आणि ज्या शिकाऱ्यांना मुंग्यांची भीती वाटते ते त्याला टाळतात हे खरं असलं, तरी काही उडी मारणारे कोळी असे आहेत की ज्यांचं अन्नच मुंगी. त्यांना तोंडात ओझं असलेली मुंगी जास्त आवडते, कारण तिचा जबडा अडकलेला असतो, ती चावू शकत नाही. झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २००६ साली या सोंगाड्या कोळ्यांच्या गटातले नर आणि माद्या अशा शिकाऱ्यांसमोर ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यांनी माद्यांपेक्षा नरांवर जास्त झडप घातली. मादी रिकाम्या तोंडाची मुंगी, नर ओझ्याची मुंगी. एकाच जातीच्या या दोघांना एकाच फांदीवर वेगवेगळ्या वैऱ्यांपासून जीव सांभाळावा लागतो.